वीजग्रीड आणि ग्राहकाची हरकत

वीज कायदा 2003 च्या कलम 64 नुसार दराच्या अर्जावर निर्णय देण्याआधी नियामक आयोगाला जनतेच्या सूचना व हरकती विचारात घ्याव्या लागतात. आयोगांना विनियमांचे मसुदेही आधी प्रसिद्ध करावे लागतात. तमिळनाडूच्या आयोगाने ऑगस्ट 2022 मध्ये कोइम्बतूर, मदुराई आणि चेन्नई येथे दरवाढीवर जनसुनावणी घेतली. चेन्नईची सुनावणी 22 ऑगस्टला कलैवाणर अरंगम सभागृहात झाली. प्रस्तुत लेखक तेथे सामान्य ग्राहक म्हणून हजर होता.

बोलणे बहुतेक तमिळमध्ये चालले होते. लघुउद्योजकांचा रोष स्थिर आकारावर आणि गर्दीच्या तासांतील जादा दरावर होता. लेखकाचे तमिळ बाजारापुरते, म्हणून त्याने इंग्रजी कागद वाचला: पुरवठ्याच्या खात्रीचे काय, आणि वितरणाच्या संगणकांची राखण कोण करते? मागच्या आसनावरचे एक आजोबा हसून म्हणाले, ‘‘कॉम्प्युटरचं राहू द्या, आधी गल्लीतली पेटी बघा.’’ त्यांचे खरेच होते. चेन्नईच्या बऱ्याच भागांत वायर जमिनीखालून जाते आणि रस्त्याकडेच्या लोखंडी पेटीतून घरोघर फुटते. पेटीचे दार निखळलेले असले आणि पाऊस तुंबला, की वीज बंद ठेवण्यावाचून इलाज नसतो.

पण पेटीच्या मागे उभे असलेले जाळे देशभर पसरले आहे. जुलै 2012 मध्ये उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत अंधारात गेला, तेव्हा दक्षिणेचे ग्रीड वेगळे असल्याने चेन्नई वाचली. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर–सोलापूर 765 केव्ही वाहिनीने दक्षिण उरलेल्या देशाशी जोडली गेली. आता सगळ्यांची वारंवारता एकच, 50 हर्ट्झच्या आसपास. आधार वाढला, तशी जोखीमही सामायिक झाली.

संगणकाची भीतीही हवेतली नाही. 2019 मध्ये कुडनकुलम अणुवीज केंद्राच्या प्रशासकीय जाळ्यातील एका संगणकात घातक प्रणाली सापडली. नियंत्रणयंत्रणा वेगळी असल्याने ती सुरक्षित राहिल्याचे सांगण्यात आले. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची वीज गेली, तेव्हा राज्याने सायबर घातपाताची शक्यता वर्तवली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चुकीवर बोट ठेवले. ग्राहकाने विश्वास कोणावर ठेवायचा?

केंद्रीय वीज प्राधिकरणाने 2021 मध्ये सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. 2023 च्या ग्रीड संहितेत त्यासाठी स्वतंत्र प्रकरण आले. मात्र असे मसुदे दरवाढीसारखे घरोघर चर्चेत येत नाहीत; बिलावर आकडा दिसतो, संहिता दिसत नाही. संरक्षणाचे तपशील उघड करा, असे कोणी म्हणू नये. मोठ्या बिघाडानंतरचा चौकशी अहवाल ठरल्या मुदतीत प्रसिद्ध व्हावा, एवढी मागणी मात्र हक्काची आहे. पुढचा मसुदा निघेल तेव्हा कलमाचा क्रमांक घालून हीच एक ओळ वाचकांनीही मुदतीत लिहून पाठवावी.