थांबलेल्या पाण्यातला जिताडा

यूट्यूबवर ट्राउटचा एक व्हिडिओ बघत होतो. गळवाला सांगत होता : ओढ्यात मासा दगडाआड एका जागी थांबतो, कारण प्रवाह खाणं त्याच्यापर्यंत आणून देतो. तलावात प्रवाह नाही, म्हणून माशालाच खाण्यामागे फिरावं लागतं.

आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर ट्राउट नाही. पण अलिबाग-पेणच्या खारेपाटात जिताडा आहे, आणि तो दोन्ही पाण्यांत राहतो. बंगालात त्याला भेटकी म्हणतात, ऑस्ट्रेलियात बारामुंडी. त्याची वीण खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात. पावसाळ्यात पिल्लं आत शिरतात, ती पकडून लोक घराजवळच्या तळ्यात सोडतात. तळ्यात ती वाढतात, पण वीण होत नाही. नवी पिल्लं बाहेरूनच आणावी लागतात.

बाबांनी मला गळ शिकवला तो खाडीवर. भरतीचं गणित सोपं : तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती. ओहोटी लागली की बांधावरच्या उघाडीपाशी जायचं. आतलं पाणी बाहेर पडतं, त्याबरोबर कोळंबी, बोईट येतात, आणि जिताडा कडेच्या सावलीत वाट बघत असतो. वेळ आणि जागा साधली की उरलेलं काम पाणी करतं.

दोन वर्षांपूर्वी बाबांची उजवी बाजू लुळी पडली. बांधावरून चालणं संपलं. घरामागच्या तळ्याकाठी त्यांची खुर्ची आली. मला तळं कधीच आवडलं नव्हतं. टाकीतून मासा काढल्यासारखं वाटायचं. पण बाबांसाठी बसलो. तीन रविवार एकाच कोपऱ्यात गळ टाकून उभा होतो, खाडीवर उभा राहायचो तसा. काहीच लागलं नाही.

“आरं, पानी थांबलंय. मासा नाय थांबला,” बाबा अडखळत म्हणाले.

मग शिकवणी नव्याने सुरू झाली. इथे तिथी नाही, वारा बघायचा. वाऱ्याने पाला ज्या काठाला साचतो, तिकडे बारीक मासळी जमते. उजेड कमी झाला की जिताडा तिकडे सरकतो. तो तोंड उघडून भक्ष्य पाण्यासकट आत ओढतो, तेव्हा ‘डब्ब’ असा आवाज होतो. खाडीच्या खळखळाटात तो मी कधी ऐकलाच नव्हता. बाबा खुर्चीत डोळे मिटून ऐकायचे आणि डाव्या हाताने दिशा दाखवायचे. मी वाकून, पाय न वाजवता तिकडे जायचो. आमिष पाणी वाहून नेणार नाही, म्हणून हळूहळू आपणच ओढायचं.

चौथ्या रविवारी लागला. पाण्याबाहेर उसळला, डोकं झटकलं आणि दोरी तुटली. जिताड्याच्या कल्ल्यांच्या झाकणाची कड पात्यासारखी असते. पुढे जाड तंगूस बांधायला मी विसरलो होतो. मागून हसण्याचा आवाज आला. आजारपणानंतर बाबा पहिल्यांदाच एवढे मोठ्याने हसले.

पूर्वी त्यांचा फोन यायचा : “उद्या दशमी हाय, साडेसातची भरती. ये.” मी ठरल्या वेळी उघाडीवर हजर. आता फोन येत नाही. तिथी न बघता, शनिवारी मीच गेटवेहून मांडव्याची बोट पकडतो.