दोघं पॉझिटिव्ह, मग कावीळ कशी?

बालरोग विभागात रुजू झालो तेव्हा रक्तगट न जुळणं म्हणजे आई निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह, एवढंच डोक्यात पक्कं होतं. त्यामुळे कावीळ झालेल्या एका बाळाच्या आजींनी "आई ओ पॉझिटिव्ह, बाळ बी पॉझिटिव्ह, मग कशाला अडकवून ठेवलंय?" असं विचारल्यावर मी नुसता वरिष्ठ मॅडमकडे बघत राहिलो. ओ गटाच्या आईच्या रक्तात ए आणि बीविरुद्धची प्रतिपिंडं आधीपासूनच असतात. त्यातली काही वारेतून बाळात उतरतात आणि तांबड्या पेशी फोडतात. म्हणून पहिलटकरणीचं बाळही यात सापडतं.

खरी पंचाईत पुढेच. असल्या जोड्या वॉर्डात सर्रास. जोरदार कावीळ मात्र मोजक्यांनाच. त्या ओळखायच्या कशा? कूम्ब्स चाचणी (बाळाच्या पेशींना आईची प्रतिपिंडं चिकटलीत का ते बघणारी) पॉझिटिव्ह आलेलं एक बाळ मजेत घरी गेलं, आणि निगेटिव्हवालं निळ्या दिव्याखाली! नवजात पेशींवर ए-बीच्या खुणा विरळ असतात, म्हणून चाचणी बरेचदा फिकी येते म्हणे. मग भरवसा कशावर ठेवायचा?

मॅडमनी भिंतीवरचा, बाळाच्या वयानुसार काविळीच्या धोक्याचे पट्टे मांडणारा भूतानींचा तक्ता दाखवला, 1999 चा. 24 तासांच्या बाळात बिलिरुबिन, म्हणजे कावीळ आणणारं पिवळं द्रव्य, 9 मिग्रॅ/डेसिलिटर म्हणजे सगळ्यात वरचा पट्टा. 72 तासांना तेच 9 तळाच्या पट्ट्यात. वय तासांत मोजायचं, दिवसांत नाही. त्यातही मेख अशी, की तक्ता बनवताना कूम्ब्स पॉझिटिव्ह बाळं वगळलेली होती. म्हणजे ज्यांची धास्ती, तीच त्यात नाहीत!

तेव्हा उरतो बिलिरुबिन चढण्याचा वेग. टाचेला टोचायचं, नळीवर उजेड पडू नये म्हणून चंदेरी कागद गुंडाळायचा, आणि काही तासांनी पुन्हा तेच. बाराव्या तासाला 5, अठराव्याला 7. सहा तासांत 2, म्हणजे तासाला 0.3 च्या वर. पहिल्या 24 तासांत एवढी चढण दिसली की पेशी फुटताहेत असंच धरायचं. एकट्या आकड्यापेक्षा मला ही वजाबाकी जास्त खरी वाटते.

आजींना कोवळं ऊन हवं होतं. उन्हावर अशी कावीळ सोपवता येत नाही.

घरात ओ गटाची बाळंतीण असेल तर बाळाचा रक्तगट विचारा. बिलिरुबिन किती आणि कितव्या तासाचं, ते कार्डावर लिहून घ्या. फेरतपासणी चुकवू नका. आणि पहिल्याच दिवशी बाळ पिवळं दिसलं, किंवा कधीही सुस्तावून दूध ओढेनासं झालं, तर तारखेची वाट न बघता थेट दवाखाना गाठा.