मोतीचे रात्रीचे भुंकणे

आमचा मोती तेराव्या वर्षात आला आणि रात्री दोनच्या सुमारास भुंकू लागला. दार उघडले तरी बाहेर जाईना. कपाटाशेजारच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा राही. मुलाला तो लाडाचा परिणाम वाटला. अंधारात त्याच्यासाठी उठताना यजमानांचा एकदा तोल गेला, तेव्हा 'त्याला देऊन टाका' हे शब्द घरात प्रथम उच्चारले गेले.

पशुवैद्यांनी आधी रक्त, लघवी, सांधे, डोळे आणि कान तपासले. वागणूक बदलली की प्रथम दुखणे शोधावे, असे त्यांचे म्हणणे. मोतीला संधिवात होता, ऐकू कमी येत होते. शिवाय माणसाच्या स्मृतिभ्रंशासारखा जो विकार म्हाताऱ्या कुत्र्यांना होतो, त्याचीही सुरुवात होती. दिवसरात्रीचे भान सुटते, ओळखीच्या खोलीत वाट सापडत नाही. हा विकार पूर्ण बरा होत नाही. सुसह्य करता येतो.

आता निजण्यापूर्वी त्याला बाहेर फिरवून आणतो, मंद दिवा ठेवतो, सामानाची जागा बदलत नाही. सतरंजी काढून न घसरणारी चटई घातली (सतरंजीत आमचेही पाय अडकत, हा भाग वेगळा). रागावत नाही, भेदरलेल्या जिवाची त्याने भीतीच वाढते. निजलेल्या मोतीला एकदम हात लावत नाही, जवळची जमीन थोपटतो. दचकलेला कुत्रा चावू शकतो. आपली वेदनाशामक गोळी त्याला कदापि देऊ नये. आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या जठराला व मूत्रपिंडांना घातक ठरते.

भुंकणे पूर्ण थांबलेले नाही. अशा रात्री मी उठते, कोपऱ्यातून त्याला हलकेच वळवते आणि तो निमूटपणे अंथरुणावर येतो.