बोर्डरूम नव्हे, बूटरूम!

लिव्हरपूलला गेलेली बहुतेक मंडळी आधी बीटल्सच्या मागे लागतात. मी मात्र स्टेशनवरून थेट ॲनफिल्डची बस पकडली. तीही एक खोली बघायला. जी आता तिथे नाहीच!

थांबा, सांगते.

लाइम स्ट्रीट स्टेशनपासून ॲनफिल्ड जेमतेम तीन-साडेतीन किलोमीटर. वाटेत एकमेकांना चिकटलेली लाल विटांची घरं, कोपऱ्यावर पब, आणि गल्लीच्या टोकाला अचानक आभाळ अडवून उभं राहिलेलं स्टेडियम. साधारण ६१ हजार माणसं मावतील एवढं. आत शिरण्याआधी जवळच्या ‘द सँडन’ पबवर एक नजर टाकाच. १८९२ मध्ये या पबचा मालक जॉन होल्डिंग आणि तेव्हा ॲनफिल्डवर खेळणारा एव्हर्टन क्लब यांच्यात मैदानाच्या भाड्यावरून वाजलं. एव्हर्टनवाले स्टॅन्ली पार्कच्या पलीकडे निघून गेले आणि रिकाम्या मैदानासाठी होल्डिंगने नवा क्लब काढला. तोच हा लिव्हरपूल. म्हणजे या क्लबचा जन्मच मुळी कमिटीच्या भांडणातून झालाय!

इथल्या डायरेक्टर मंडळींना पूर्वी टीमच्या निवडीत हात घालायची सवय होती. १९५१ मध्ये बिल शँकली मॅनेजरच्या इंटरव्ह्यूला आला. (इंग्लंडमध्ये हेड कोचलाच मॅनेजर म्हणायची जुनी पद्धत.) टीमबाबत शेवटचा शब्द माझाच, असं त्याने बजावलं. नोकरी दुसऱ्याला मिळाली. आपल्यापैकी किती जण इंटरव्ह्यूत असं बोलू शकतील? पण डिसेंबर १९५९ मध्ये क्लब सेकंड डिव्हिजनमध्ये अडकलेला असताना त्यालाच बोलावणं आलं. आणि या वेळी शेवटचा शब्द त्याचाच राहिला.

नवा बॉस आला की पहिल्यांदा काय करतो? आपली माणसं आणतो. शँकलीने ते केलंच नाही. बॉब पेस्ली, जो फॅगन, रुबेन बेनेट ही आधीपासूनची मंडळी तशीच ठेवली आणि रोजचं काम त्यांच्यावर सोपवलं. मेन स्टँडखाली बूट ठेवायच्या खोलीत ही मंडळी क्रेट उलटे घालून बसायची. चहा, कधी बिअर, आणि गप्पा. कोणाचा गुडघा दुखतोय, कोणाचा फॉर्म गेलाय, पुढच्या मॅचला काय करायचं. सरावाच्या रोजच्या नोंदी वह्यांमध्ये लिहून ठेवायची. हीच ती प्रसिद्ध बूटरूम. १९७४ मध्ये शँकली गेला, पण घडी विस्कटली नाही. पेस्लीने नऊ सीझनमध्ये सहा लीग आणि तीन युरोपियन कप आणले. त्याच्यानंतर फॅगनने १९८४ मध्ये चौथा कप आणला.

टूरमध्ये हे सगळं ऐकताना मला माझं जुनं ऑफिस आठवत होतं. दोन वर्षांपूर्वी एका पुरवणीसाठी चौघांची टीम माझ्या हाताखाली होती. हेडिंग मीच देणार, फोटो मीच निवडणार, कॅप्शनसुद्धा मीच लिहिणार. रात्री दोनपर्यंत जागायचे आणि त्याचाही अभिमान! वरून फोन आला की मात्र, ‘हो सर, लगेच बदलते.’ एक ज्युनिअर राजीनामा देताना शांतपणे म्हणाली, ‘ताई, सहा महिन्यांत तुम्ही मला एकही पान करायला दिलं नाहीत.’ तेव्हा मी चिडले होते. ॲनफिल्डला उमगलं, आपण शँकलीच्या बरोब्बर उलट वागलो. तो खाली मोकळा आणि वर ठाम. मी खाली घट्ट आणि वर एकदम ढिली.

अर्थात, बोर्डरूम म्हणजे कायम व्हिलन असंही नाही हं. २०१७ मध्ये मोहम्मद सालाहला घ्या म्हणून क्लबच्या मायकल एडवर्ड्स आणि त्याच्या टीमने युर्गेन क्लॉपच्या मागे लकडा लावला होता. हे खुद्द क्लॉपनेच सांगितलंय. त्याने ऐकलं. पुढच्याच वर्षी त्याने थ्रो-इन शिकवायला थॉमस ग्रोनेमार्क हा वेगळा कोच नेमला. २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीग आली आणि २०२० मध्ये तब्बल तीस वर्षांनी लीग.

पण त्याच बोर्डरूममधून एप्रिल २०२१ मध्ये युरोपियन सुपर लीगची घोषणा झाली, तेव्हा क्लॉपला कोणी विचारलंसुद्धा नव्हतं. फॅन्स रस्त्यावर उतरले, दोन दिवसांत माघार घ्यावी लागली आणि मालक जॉन हेन्रीने व्हिडिओवर माफी मागितली. सालाहच्या वेळी बोर्डरूमने कोचला पटवलं होतं. या वेळी त्याला परस्पर वगळलं. फरक एवढाच, पण केवढा!

आणि ती खोली? ती १९९३ मध्ये पाडली. कशासाठी? तर प्रेस रूमसाठी! मी पत्रकार, त्यामुळे हसावं की रडावं कळेना.

जायचं असेल तर मॅचची तारीख बघूनच टूरचं तिकीट काढा. आणि बाहेर पेस्लीचा पुतळा चुकवू नका. हातात कप-बिप काही नाही. १९६८ च्या एका मॅचमध्ये जखमी झालेल्या एम्लिन ह्यूजला पाठीवर घेऊन निघालेला पेस्ली. तेव्हा तो हेड कोच नव्हता, शँकलीच्या हाताखालचा माणूस होता.

मी त्याचा फोटो काढला आणि त्या ज्युनिअरला पाठवला. खाली काय लिहावं, बराच वेळ सुचेना. शेवटी म्हटलं, कॅप्शन तिलाच लिहू दे.