परतीची तारीख

प्रवासाचा खरा आनंद तयारीतच असतो, असे म्हणणारे लोक बहुधा तिकिटांचे भाव पाहून घरी बसलेले असतात. मीही गेली चार वर्षे त्यांच्यातच होतो. जगभरचे लोक आमच्या छत्रपती संभाजीनगरात येऊन वेरूळ-अजिंठा पाहून जातात. आणि आम्ही मात्र दिवाळीच्या सुट्टीत कुठे जावे याचा खल करीत सुट्टी संपवतो. यंदा हा खल सुरू होताच आमची नववीतली कन्या म्हणाली, "बाबा, एकदा आजोबांना तर विचारा, त्यांना कुठे जायचंय ते!"

अण्णांनी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता उत्तर दिले, "पोर्ट ऑफ स्पेन."

"स्पेनला? तिकडे थंडी फार असेल हो अण्णा," सौ. म्हणाली.

अण्णांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. पोर्ट ऑफ स्पेन स्पेनमध्ये नाही, वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर आहे, हे त्यांनी सांगितले आणि मग पुढचा तासभर ते १९७१ सालात होते. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात अजित वाडेकरांच्या संघाने पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर वेस्ट इंडीजला कसोटीत पहिल्यांदा हरवले. सुनील गावसकरांची ती पहिलीच कसोटी. एप्रिलमध्ये त्याच मैदानावर, दाढ ठणकत असताना, त्यांनी एका सामन्यात १२४ आणि २२० धावा काढल्या. चार कसोटींत ७७४! लॉर्ड रिलेटर या तिथल्या गायकाने गावसकरांवर कॅलिप्सो रचला. तिकडचा खेळ आपल्या रात्री चाले. अण्णा तेव्हा नुकतेच नोकरीला लागले होते. सकाळच्या बातम्यांत धावसंख्या ऐकल्याशिवाय ते चहा घेत नसत.

"एकदा ते मैदान पाहायचं होतं," ते म्हणाले. 'होतं' या शब्दाने मी जरा अस्वस्थ झालो, आणि दुसऱ्या दिवशीच तयारीला लागलो.

कन्येने नकाशा पसरला. त्रिनिदाद आणि टोबॅगो ही दोन बेटे मिळून हा देश झाला आहे. क्षेत्रफळ ५,१२८ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या जेमतेम निम्मे. व्हेनेझुएलाचा किनारा अगदी हाकेच्या अंतरावर. पण तिला खरा आनंद झाला तो गावांची नावे वाचून: फैजाबाद, बराकपूर, आणि चक्क गोवळकोंडा! "बाबा, हे आपल्या दख्खनमधून तिकडे कसं गेलं?"

गावांच्या नावांआधी माणसे गेली. उसाच्या मळ्यांवरची गुलामगिरी १८३८ साली संपली आणि मळेवाल्यांना मजूर हवे झाले. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' हे जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशे माणसे घेऊन तिथे पोचले. वाटेत साडेतीन महिने गेले होते. १९१७ पर्यंत असे सुमारे दीड लाख लोक गेले. बहुतेक बिहार आणि संयुक्त प्रांताकडचे. 'ॲग्रीमेंट'ला ते 'गिरमिट' म्हणत. त्या गिरमिटात परतीच्या जहाजाचे वचन होते. पण पुढे परतीच्या बदल्यात जमीन देऊ केली गेली, आणि बहुतेक जण तिथेच राहिले.

राहिले, पण दिवाळी विसरले नाहीत. बांबू चिरून, वाकवून त्याच्या कमानी करतात आणि त्यांवर मातीच्या पणत्या ओळीने लावतात. १९६६ पासून दिवाळीची तिथे देशभर सुट्टी असते. चगुआनास गावाजवळ १९८६ पासून 'दिवाली नगर' नावाचा मोठा उत्सव भरतो. तिथल्या दाळपुरीत शिजवून वाटलेली डाळ भरलेली असते, हे वाचून सौ. म्हणाली, "म्हणजे आपली पुरणपोळीच की, गूळ विसरलेली!"

झाले! जायचे तर दिवाळीतच, पुढच्या वर्षी, असे ठरले. कोरडा हंगाम जानेवारी ते मेमध्ये असतो, दिवाळी पावसात सापडते, हे मी सांगून पाहिले. "पणत्या काय उन्हात बघायच्या?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

मग कागदपत्रे. आपल्या पासपोर्टवर त्या बेटात पर्यटक म्हणून जायला आधी व्हिसा काढावा लागत नाही. घरमालक दार उघडे ठेवतो, पण वाटेतले शेजारी अडवतात, तशी गत! अमेरिकेत नुसते विमान बदलायचे असले तरी तिचा व्हिसा लागतो. आणि शेवटची अट आपल्याच देशाची. पीतज्वर हा रोग आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारा डास आहे. म्हणून त्रिनिदादहून परतणाऱ्याजवळ पीतज्वराची लस घेतल्याचे प्रमाणपत्र लागते. ते लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होते आणि जन्मभर चालते. ते नसेल, तर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवतात.

आमच्या डॉक्टरांनी माझी, सौ.ची, कन्येची चौकशी केली आणि होकार दिला. अण्णांच्या बाबतीत मात्र त्यांनी पेन खाली ठेवले. ही लस जिवंत विषाणूची. साठीनंतर ती पहिल्यांदाच घेणाऱ्याला धोका वाढतो. अण्णांनी तर पंच्याहत्तरी ओलांडलेली. "मी देऊ म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाले.

रिक्षातून घरी येईपर्यंत कोणी बोलले नाही. दाराशी मीच म्हणालो, "अण्णा, आपण दुसरीकडे कुठे तरी जाऊ. सगळे मिळून."

"सुभाष गुप्ते ठाऊक आहेत ना?" अण्णांनी विचारले. मुंबईचे ते लेगस्पिन गोलंदाज १९५३ च्या दौऱ्यावर त्रिनिदादला गेले. त्या दौऱ्यात त्यांनी कसोटीत २७ बळी घेतले आणि तिथल्याच मुलीशी लग्न ठरवले. पुढे ते तिथेच स्थायिक झाले आणि २००२ साली पोर्ट ऑफ स्पेनमध्येच वारले. "त्या बेटावर गेलेली माणसं राहतात बाबा. गिरमिटवाली राहिली, गुप्ते राहिले. तुम्ही मात्र परत या, म्हणजे झालं. मला काय, मैदानाचं वर्णन हवंय."

"आणि दिवाळीत तुम्ही एकटे?"

"आक्का येईल जालन्याहून. आणि हे बघ, त्यांचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे. तिथे संध्याकाळी साडेसहाला पणत्या लागतील, तेव्हा इथे पहाटेचे चार. मी जागाच असतो. फोन लावायचा."

मी अजूनही पुरता तयार नव्हतो. रात्री कन्येने सांगितले, "बाबा, आजोबांनी मला मैदानात कुठे बसायचं ते सांगितलंय. आपण गेलो नाही, तर मी त्यांना काय सांगू?" तिला उत्तर देण्याऐवजी मी दुसऱ्या दिवशी लशीसाठी नावे नोंदवली. तीनच.

पुढच्या वर्षाची दिनदर्शिका परवाच घरी आली आहे. तारखा अजून कच्च्या आहेत, पण अण्णांनी त्यातली एक तिथे लिहून ठेवली. मला वाटले, निघण्याची असेल. जवळ जाऊन पाहिले, तर आमच्या येण्याची होती.