भिजलेली वही

तुमच्यापैकी काहींच्या घरी केळीच्या हिशेबाची वही असेल. मुक्ताईनगरला आमच्याकडेही होती. कोणाच्या बागेतून किती माल निघाला, कोणत्या मजुराचे किती दिवस भरले, हे अब्बा रोज तिच्यात लिहीत. एका पावसाळ्यात छत गळले आणि वही भिजली. शाई पसरली. एक मजूर म्हणाला, "चाचा, माझे चार दिवस बाकी आहेत." अब्बांना तीनच आठवत होते. त्यांनी चार दिवसांचे पैसे दिले. पण रात्री त्यांना झोप लागली नाही. "जो मागायला आलाच नाही, त्याचा हक्क बुडाला तर?" असे ते म्हणाले.

माहिती टिकवणे हे असे जबाबदारीचे काम आहे. त्यातूनच मोठे उद्योग उभे राहिले. आनंद देशपांडे यांनी अमेरिकेत संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. तेथे ते ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत होते. ती नोकरी सोडून ते मायदेशी परतले आणि १९९० साली त्यांनी पुण्यात 'पर्सिस्टंट सिस्टिम्स' ही कंपनी काढली. माहिती साठवण्याचे व हवी तेव्हा शोधून देण्याचे तंत्र हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. 'पर्सिस्टंट' म्हणजे टिकून राहणारे. उर्दूत आपण 'पाएदार' म्हणतो. काम संपून संगणक बंद केला तरी जी माहिती पुसली जात नाही, तिला संगणकशास्त्रात हेच विशेषण लावतात.

मित्रांनो, अभियंता व्हा, उद्योगही काढा. पण आज घरी गेल्यावर आधी ती वही उघडून पाहा. ती भिजली, तर कोणाचा हक्क बुडेल?