मावळतीनंतरचा लोणावळा

मावळ या नावाचा संबंध मावळतीशी जोडला जातो. पुण्याकडून पश्चिमेला पाहिले असता सूर्य ज्या डोंगरांआड उतरतो, तो हा मुलूख. ज्या घरांत सूर्यास्तापूर्वी जेवणाची ताटे उचलली जातात, त्यांना या नावात आणखी एक अर्थ सापडेल. ‘आपला दिवस जिथे संपतो, तिथून मावळ सुरू होतो,’ असे आमचे वडील विनोदाने म्हणत. यंदा जूनच्या पहिल्या शनिवारी तो विनोद प्रश्न होऊन माझ्यासमोर उभा राहिला.

लोणावळ्यात माझ्या चुलत बंधूंचे चिक्की आणि सुक्या मेव्याचे दुकान आहे. दोन पिढ्या ते रात्री नऊला बंद होत आले. आता त्यांच्या चिरंजीवांच्या मनात निराळा बेत होता. पावसाळ्याच्या हंगामात दर शनिवारी आणि रविवारी पहाटे दोनपर्यंत दुकान उघडे ठेवावे, पुढच्या बाजूस चहा, भाजलेली कणसे आणि गरम भजी यांचा काउंटर लावावा आणि त्यासाठी बँकेचे कर्ज घ्यावे. ‘आपण जे खात नाही आणि ज्या वेळी खात नाही, ते त्या वेळी विकायचे?’ हा वडिलांचा प्रश्न. ‘मग रात्री नऊपर्यंत चिक्की विकतो ती कोण खाते?’ हा मुलाचा प्रतिप्रश्न. दोघांतील बोलणे जवळजवळ थांबले होते. माझे आयुष्य बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात गेले, म्हणून कागद माझ्याकडे आले. हिशेब चोख होता. पुतण्या एवढेच म्हणाला, ‘‘काका, एकदा इथली रात्र पाहा आणि मग सांगा.’’

त्यांचे घर वळवणला, धरणापासून जवळ आहे. सात वाजण्यापूर्वी आमची जेवणे झाली आणि आम्ही पाण्याकडे फेरी मारून आलो. वळवण, शिरवता आणि लोणावळा या तलावांचे पाणी टाटांच्या जलविद्युत योजनेने घाटाखाली, सुमारे ५०० मीटर खोल असलेल्या खोपोलीस नेले. तेथील वीजकेंद्र १९१५ साली सुरू झाले आणि ती वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. रात्रपाळी, दिव्यांखालची बाजारपेठ, उशिरापर्यंत जागणारे शहर हे सारे ज्या विजेवर उभे राहिले, तिचा एक उगम या शांत पाण्यात आहे. शंभर वर्षांपूर्वी लोणावळ्याने आपला पाऊस मुंबईच्या रात्रीसाठी दिला. आता मुंबईची रात्र मोटारीत बसून लोणावळ्यास येते, एवढाच फरक.

आठच्या सुमारास आम्ही बाजारपेठेत पोहोचलो. २०११ च्या जनगणनेत या गावची लोकसंख्या ५७,६९८ होती. शनिवारी रात्री जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर उभे राहिले, तर हा आकडा कोणालाही खरा वाटणार नाही. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि दोन्ही महानगरे लोणावळ्यापासून दोन-अडीच तासांच्या आत आली. पूर्वी हवापालटासाठी लोक आठवडाभर येऊन राहत. आता ते रात्रीपुरते येतात. चिक्कीच्या दुकानांसमोर गाड्यांची दुहेरी रांग, फजच्या खोक्यांचे मनोरे, वडापावच्या कढया आणि त्यांतून वाट काढणारे वाहतूक पोलीस, असे ते दृश्य होते.

आमच्या दुकानातही त्या रात्री प्रयोग म्हणून दोनपर्यंत विक्री चालणार होती. गल्ल्याशेजारी एक जुने गृहस्थ उभे होते. त्यांना सारे ‘मामा’ म्हणतात. ते मूळचे कुरवंड्याचे. वीस वर्षांहून अधिक काळ या दुकानात आहेत. गुळाचा पाक पाण्यात टाकून तो कडक झाला की नाही हे ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. भाजलेले दाणे पाकात पडले की तो गोळा तेलाचा हात लावलेल्या ओट्यावर लाटायचा आणि गरम असतानाच कापायचा. क्षणभर उशीर झाला, तर वडी तुटते. हे काम सकाळी आठला सुरू होते. त्या दिवशीही मामांनी ते सकाळी आठलाच सुरू केले होते.

दहा वाजता पुतण्या मला मोटारीने लायन्स पॉइंटकडे घेऊन निघाला. वाटेत भुशी धरण लागते. रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून हे धरण बांधले गेले. आज पायऱ्यांवरून वाहणाऱ्या त्याच्या पाण्यात बसण्यासाठी हजारो लोक येतात. ३० जून २०२४ रोजी धरणामागच्या डोंगरावरील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यानंतर प्रशासनाने पावसाळी पर्यटनस्थळांवर निर्बंध आणले. पाऊस अजून लागला नव्हता आणि धरण अंधारात निमूट पडले होते. पुतण्याने वेग कमी केला आणि तेथून पुढे जाईपर्यंत तो काही बोलला नाही.

पॉइंटवर मात्र जत्रा होती. गाड्यांची दारे सताड उघडी, प्रत्येकीतून वेगळे गाणे, कणसांच्या निखाऱ्यांचा धूर आणि दरीच्या कडेला उभी राहून छायाचित्रे काढणारी तरुण मंडळी. निंदा करावी असे मला काही वाटले नाही. आठवडाभर हिंजवडीत किंवा अंधेरीत संगणकासमोर बसणाऱ्या माणसाला मोकळी हवा हवीशी वाटणारच. मी पाहत होतो ते कणसे भाजणाऱ्या बाईंकडे. शेजारी पोत्यावर त्यांची सात-आठ वर्षांची मुलगी गाढ झोपली होती. गाण्यांचा कोणताही आवाज तिच्यापर्यंत पोहोचत नव्हता.

परतताना झाडीच्या एका वळणावर पुतण्याने गाडी थांबवून दिवे मालवले. मिनिटभर काहीच दिसेना. मग एक ठिणगी, मग दहा, आणि पाहता पाहता सारे झाड लुकलुकू लागले. पावसाच्या तोंडाशी दोन-तीन आठवडे काजव्यांचा हा मेळा भरतो. राजमाचीचा परिसर त्यासाठी विशेष प्रसिद्ध आहे. नर काजवा प्रकाशाच्या खुणेने मादीस साद घालतो. मोटारीचा झोत किंवा विजेरीचा प्रकाश पडला की ती साद हरवते आणि पुढच्या वर्षीचे काजवे तेवढे कमी होतात. म्हणून पाहणाऱ्याने दिवा लावू नये, काजवा मुठीत किंवा बाटलीत धरू नये. इतक्यात मागून एक गाडी पूर्ण प्रकाशझोत टाकीत आली आणि निघून गेली. झाड पुन्हा काळे झाले. आम्ही बराच वेळ थांबलो, तेव्हा कोठे पहिली ठिणगी परत दिसली.

साडेबाराच्या सुमारास आम्ही रेल्वे स्थानकावर होतो. बोरघाटातून १८६३ साली रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून लोणावळ्याची खरी रात्र येथे जागते. कर्जतहून लोणावळ्याकडे येताना दर ३७ मीटरला एक मीटर असा चढ आहे. म्हणून कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने लावतात. ती गाडीला वर ढकलतात आणि लोणावळ्यास सोडवली जातात. पावसाळ्यात दरड पाहणारी माणसे रात्रभर रुळांवरून चालतात. आपण वातानुकूलित डब्यात झोपलेलो असतो, तेव्हा कोणी तरी कंदील घेऊन आपल्यासाठी डोंगर पाहत असते. पण या जागरणाला पाळी असते. एकाची संपली की दुसरा येतो. हजेरीपटावर दोघांची नावे असतात. ही गोष्ट मी मनात नोंदवून ठेवली.

दुकानात परतलो तेव्हा दीड वाजला होता. विक्री खरोखर चांगली झाली होती. पुतण्याने गल्ला मोजून माझ्यासमोर आकडा ठेवला. तो आकडा त्याच्या अर्जातील अंदाजापेक्षाही मोठा होता. दोन वाजता फळ्या लागल्या. मामा माळ्याच्या शिडीकडे निघाले. वर रिकाम्या पोत्यांवर त्यांचे अंथरूण होते. मी विचारले, ‘‘मामा, घरी कधी जाणार?’’ ते सहज म्हणाले, ‘‘सोमवारी, साहेब. सकाळी आठला पुन्हा पाक चढवायचाय.’’ त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. पुतण्याने माझ्याकडे पाहिले आणि नजर खाली वळवली.

पहाटे आम्ही दोघे कामशेतजवळच्या पाले गावी गेलो. हा हट्ट माझा होता. तेथील लेण्यात ब्राह्मी लिपीतील एक शिलालेख आहे. डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी त्याचे वाचन केले. अरिहंतांना वंदन करून त्याचा आरंभ होतो आणि भदंत इंद्ररक्षित यांनी लेणे व पोढी कोरविल्याचे त्यात नोंदले आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा हा लेख महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या जैन लेखांत गणला जातो. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. कोकणातील बंदरांकडून घाट चढून देशावर जाणारा व्यापारी मार्ग याच मुलखातून जात असे. जवळच्या कार्ल्याच्या चैत्यगृहातील लेखात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठींचे नाव आहेच. म्हणजे मावळात रात्र काढणारा वाटसरू नवा नाही आणि त्याच्या सोयीसाठी खर्च करणारा व्यापारीही नवा नाही. त्या काळच्या दात्याने वाटसरूला एक निवारा दिला आणि पाणी दिले. त्यासाठी रोज रात्री कोणाला जागावे लागले नाही.

उतरून आलो, नवकारशीची वेळ झाली आणि आम्ही कामशेतला एका टपरीवर चहा घेतला. मी पुतण्याला उपदेश केला नाही. बँकेत जे करीत असे, तेच केले. त्याच्याच कागदाच्या पाठीवर खर्चाच्या बाजूला तीन ओळी मोकळ्या सोडल्या आणि म्हटले, ‘‘या तू भर.’’ २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने दुकान सातही दिवस उघडे ठेवण्याची मुभा दिली, पण प्रत्येक कामगाराला साप्ताहिक सुट्टी देण्याचे बंधनही घातले. स्त्री कामगाराला रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत तिच्या संमतीशिवाय कामाला लावता येत नाही. लहान दुकानांना या कायद्यातील बऱ्याच कलमांतून सूट आहे. तथापि कायदा सूट देतो, शरीर देत नाही.

पुतण्याने बराच वेळ विचार करून लिहिले : दुसऱ्या पाळीचे दोन कामगार, रात्री त्यांना घरी पोहोचविण्याचे वाहन, मामांची सुट्टी. बेरीज पुन्हा केली, तेव्हा नफा निम्म्याहून खाली आला. तरी तो नफाच होता. त्याने कागदाची घडी केली आणि विचारले, ‘‘अकरापर्यंत ठेवले तर?’’

तो कागद त्याने वडिलांसमोर ठेवला. भज्यांचा काउंटर गेला, चहा राहिला. पाच वर्षांचे कर्ज दोन वर्षांचे झाले आणि त्यातून फक्त दाणे भाजण्याचे नवे यंत्र आले. आपण न खाणारे विकावे की नाही, या प्रश्नावर बाप-लेकांचे अजून एकमत नाही. मात्र ते आता एकाच ताटाशी बसून वाद घालतात आणि तोही सूर्यास्तापूर्वी. रात्रीच्या व्यापाराविषयी माझे मत इतकेच बनले आहे की, त्याची नोंद करताना ‘झोप’ या नावाचे एक खाते उघडावे आणि ती कोणाची खर्ची पडते हे नावानिशी लिहावे. मग जो आकडा उरेल, त्यावर व्यापार खुशाल करावा.

जुलैतील एका शनिवारी रात्री साडेआठला मी दुकानात दूरध्वनी केला. पुतण्याने स्वतः उचलला. मागे गिऱ्हाइकांचा गलका होता आणि पाऊस पत्र्यावर वाजत होता. मी विचारले, ‘‘मामा आहेत का?’’

‘‘नाहीत, काका. सात वाजताच कुरवंड्याला गेले. उद्या त्यांच्याकडे भाताची लावणी आहे.’’